कमी असलेलं एडीसी आणि द्यायचं एडीसी

वाचकाचं पत्र

मी ध्वनिमुद्रण करतो. आमच्या कामात एडीसी म्हणजे माइककडून आलेल्या सिग्नलचे आकडे करून कॉम्प्युटरला देणारा कन्व्हर्टर. रोजच्या तोंडातला शब्द. मध्यंतरी आईच्या स्तनात गाठ लागली, बायोप्सीत कॅन्सर निघाला. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये त्या गाठीपुढे ‘एडीसी कमी’ असं लिहिलंय. परवा डॉक्टर उपचारांबद्दल बोलताना म्हणाले, ‘पुढे गरज पडली तर एडीसीचाही पर्याय आहे.’ मी दोन्ही जोडून असा अर्थ लावला की शरीरात एडीसी नावाचं काहीतरी कमी पडलंय आणि ते बाहेरून देणार आहेत, जसं लोह किंवा बी-१२ देतात. आईला आणि मावशीला तसं सांगूनही टाकलं. आता आई विचारते, एडीसी वाढवायला काय खायचं? त्यात मामेभावाने कुठल्याशा शोधनिबंधात वाचलं की एडीसी हा फुप्फुसाच्या कॅन्सरचा प्रकार आहे. तेव्हापासून झोप उडालीय. डॉक्टरांना पुन्हा विचारायचं तर ‘एवढा शिकलेला माणूस, ह्याला इतकंही कळत नाही’ असं त्यांना वाटेल. काय करू?

— एक मुलगा

उत्तर

नमस्कार,

तुमच्या आईच्या शरीरात एडीसी नावाचं काहीही कमी पडलेलं नाही. शरीरात तसा पदार्थच नसतो. रिपोर्टमधलं एडीसी हे एक मोजमाप आहे. डॉक्टर ज्याच्याबद्दल बोलले ते एडीसी म्हणजे औषधांचा एक वर्ग. मामेभावाला सापडलेलं तिसरंच. आणि तुमचा कन्व्हर्टर चौथा. इंग्रजीतली तीन आद्याक्षरं जुळली, यापलीकडे या चौघांचं एकमेकांशी नातं नाही.

आधी मामेभावाचं मिटवू, कारण झोप त्याने उडवलीय. शोधनिबंध लिहिणारे लांबलचक नाव एकदा पूर्ण लिहितात, त्याचं लघुरूप ठरवतात आणि पुढे सगळीकडे तेवढंच वापरतात. फुप्फुसाच्या कॅन्सरवर लिहिणारे काही लेखक अ‍ॅडिनोकार्सिनोमा या प्रकाराला एडीसी म्हणतात. शेजारी स्क्वेमस सेल कार्सिनोमा असतो, त्याचं एससीसी होतं, म्हणून यालाही तीन अक्षरं. हा करार त्या निबंधापुरता असतो, तो तुमच्या आईच्या फाइलला लागू होत नाही. मामेभाऊ बहुधा निबंधाच्या मधल्याच पानावर उतरला असणार. सुरुवातीचा परिच्छेद वाचला असता तर पूर्ण नाव तिथेच दिसलं असतं. जाता जाता एक गोष्ट लक्षात ठेवा. अ‍ॅडिनोकार्सिनोमा म्हणजे ग्रंथीच्या पेशींपासून सुरू झालेला कॅन्सर, आणि स्तनाचे बहुतेक कॅन्सरही त्याच मोठ्या गटात मोडतात. त्यामुळे उद्या आईच्या कागदावर हा शब्द पूर्ण लिहिलेला दिसला, तरी तो फुप्फुसाबद्दल आहे असं समजू नका.

आता एमआरआय. इथे तुमचं काम तुमच्या उपयोगी पडेल.

गंमत अशी की त्या मशीनमध्ये तुमच्या ओळखीचं एडीसीही आहे. शरीरातल्या पाण्यातल्या हायड्रोजनकडून येणारा क्षीण रेडिओ सिग्नल कॉइल पकडते आणि कन्व्हर्टर त्याचे आकडे करतो. संगीताच्या सीडीला सेकंदाला ४४,१०० नमुने पुरतात, १.५ टेस्ला ताकदीच्या चुंबकाच्या एमआरआय मशीनमध्ये मूळ सिग्नलच सुमारे ६४ मेगाहर्ट्झचा असतो. आवाका वेगळा असला तरी चिंता त्याच. इनपुट ओव्हरलोड झाला तर? नॉइज फ्लोअरखाली, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या खरखरीखाली, काही बुडालं तर? तुम्ही ‘एडीसी कमी’ वाचून मशीनचे बिट कमी पडले असं समजला असतात, तर मला कमी आश्चर्य वाटलं असतं.

रिपोर्टमधलं एडीसी मात्र या सगळ्याच्या नंतर, हिशेब करून काढलेलं असतं. पूर्ण नाव अपॅरंट डिफ्यूजन कोएफिशंट. ऊतकातलं पाणी किती मोकळेपणाने हलतंय, याचा तो आकडा. पाण्याचे रेणू कधी स्वस्थ नसतात, उष्णतेमुळे सतत भरकटत असतात. मोकळ्या मैदानात माणूस हवा तसा फिरतो आणि गर्दीत दोन पावलांवर कुणाचा तरी खांदा लागतो. पेशी दाटीवाटीने भरलेल्या जागी पाण्याची तीच गत होते. कॅन्सरच्या गाठीत पेशी बऱ्याचदा अशा दाटलेल्या असतात.

हे मोजायचं कसं? मशीन चुंबकीय ग्रेडियंटचे, म्हणजे जागेनुसार बदलत जाणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचे, दोन ठोके देतं. पहिला ठोका प्रत्येक रेणूवर तो कुठे आहे याची खूण करतो, दुसरा ती खूण पुसतो. रेणू जागचा हलला नसेल तर खूण पूर्ण पुसली जाते आणि सिग्नल जवळजवळ तसाच परत येतो. मधल्या काळात तो भटकला असेल तर हिशेब जुळत नाही. अशा असंख्य रेणूंचे फेज, म्हणजे त्यांच्या लहरींचा एकमेकांशी असलेला ताल, विस्कटतात आणि सिग्नल पडतो. फेज विस्कटल्यावर आवाजाचं काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. ठोक्यांची ही युक्ती स्टेस्कल आणि टॅनर यांनी १९६५ मध्ये मांडली. १९८० च्या दशकाच्या मध्यावर फ्रान्सच्या डेनी ले बिहान यांनी ती एमआरआयच्या चित्रांत आणली.

ठोक्यांच्या जोराला बी-व्हॅल्यू म्हणतात. बी शून्य ठेवून एक चित्र, बी ८०० ठेवून दुसरं. दोन्हींतल्या सिग्नलच्या गुणोत्तराचा लॉगॅरिदम काढायचा, त्याला बीने भागायचं, की एडीसी हातात. तुम्ही डेसिबलमध्ये विचार करणारे, म्हणून हाच हिशेब त्या भाषेत करून पाहू. शरीराच्या तापमानाला मोकळ्या पाण्याचं एडीसी सेकंदाला सुमारे ०.००३ चौरस मिलिमीटर असतं. बी ८०० ला त्याचा सिग्नल जवळपास २१ डेसिबलने खाली येतो, म्हणजे चित्रातून जवळजवळ नाहीसाच होतो. एखाद्या गाठीचं एडीसी ०.०००९ असेल, तर तिचा सिग्नल जेमतेम ६ डेसिबलने पडतो. आजूबाजूचं सगळं मंद होत असताना ती लखलखीत उरते. म्हणून डिफ्यूजनच्या चित्रात अशी गाठ उजळ दिसते आणि एडीसीच्या नकाशावर तीच काळी. दोन्ही चित्रं एकाच गोष्टीबद्दल बोलतात. हे माहीत नसलं की घरी सीडी उघडून बसलेला माणूस दोनदा घाबरतो.

तुमच्या पत्रात तुम्ही आकडा लिहिलेला नाही, ते बरंच केलंत, कारण आकड्यांवरून घोळ लवकर होतो. एका रिपोर्टमध्ये ०.९ लिहितात आणि पुढे ‘गुणिले दहाचा वजा तिसरा घात’ असतं. दुसऱ्यात ९०० लिहितात आणि घात वजा सहावा असतो. दोन्ही एकच. एका मशीनवरचा आकडा दुसऱ्या मशीनवरच्या आकड्याशी, किंवा बी-व्हॅल्यू वेगळी असेल तर त्याच मशीनवरच्या जुन्या आकड्याशीही, घरी बसून ताडून पाहू नका. ते रेडिओलॉजिस्टचं काम.

मग ‘एडीसी कमी’ ही वाईट बातमी आहे का? बायोप्सीआधी हे वाक्य आलं असतं तर संशय वाढवणारं ठरलं असतं. आता निदान झालेलं आहे, तेव्हा जे कळलंय त्यालाच चित्राने दिलेला हा दुजोरा आहे, नवी बातमी नव्हे. आजार किती पुढे गेलाय हे या एका शब्दावरून ठरत नाही. त्यासाठी गाठीचा आकार, काखेतले लिम्फ नोड आणि शरीरात इतरत्र काही आहे का, हे पाहतात. शिवाय हा आकडा काही कॅन्सरपुरता राखीव नाही. पू भरलेल्या गळवातही एडीसी कमी येतं, आणि पक्षाघाताच्या पहिल्या काही तासांत मेंदूच्या बाधित भागातही. उलट, स्तनाचा म्युसिनस नावाचा कॅन्सर असतो, त्यात गाठ चिकट द्रवाने भरलेली असते. तिथे कॅन्सर असूनही एडीसी चढं येऊ शकतं.

आता डॉक्टरांच्या तोंडचं एडीसी. हे अँटिबॉडी-ड्रग कॉन्जुगेट. तीन तुकडे जोडून केलेलं औषध. पहिला तुकडा अँटिबॉडी, ती पेशीच्या पृष्ठभागावरचं एक विशिष्ट प्रथिन हुडकून त्याला चिकटते. दुसरा पेशी मारणारं अत्यंत जहाल रसायन, ज्याला पेलोड म्हणतात. ते बऱ्याचदा इतकं जहाल असतं की नुसतं शिरेतून देता येत नाही. तिसरा त्या दोघांना बांधून ठेवणारा दुवा, लिंकर. औषध सलाइनमधून रक्तात जातं, अँटिबॉडी आपलं प्रथिन शोधते, पेशी ते सगळं आत ओढून घेते आणि मग आत दुवा सुटून रसायन मोकळं होतं. निदान आराखडा तरी असा. प्रत्यक्षात थोडं रसायन बाहेरही सुटतं, म्हणून दुष्परिणाम होतात. ‘फक्त कॅन्सरच्या पेशींवर जातं, बाकी शरीराला काही होत नाही’ असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका.

या वर्गातलं पहिलं औषध, जेम्टुझुमॅब ओझोगामायसिन, अमेरिकेत २००० साली एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. २०१० मध्ये ते बाजारातून मागे घेतलं गेलं आणि २०१७ मध्ये बदललेल्या डोसने परत आलं. स्तनाच्या कॅन्सरसाठी तिथे २०१३ मध्ये ट्रास्टुझुमॅब एम्टान्सिनला मंजुरी मिळाली, २०१९ च्या शेवटी ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅनला आणि २०२० मध्ये सॅसिटुझुमॅब गोव्हिटेकॅनला. पहिली दोन हर-टू नावाच्या प्रथिनाला चिकटतात, तिसरं ट्रॉप-टू नावाच्या.

म्हणजे तुमच्या आईला यातलं काही चालेल का, हे एमआरआयच्या आकड्यावरून ठरत नाही. एडीसी कमी आहे म्हणून एडीसी देत नाहीत, आणि एडीसी कमी आहे म्हणून एडीसी चालणार नाही असंही नसतं. ठरवणारा कागद बायोप्सीचा आहे. त्यावर ईआर, पीआर (गाठीच्या पेशींवर दोन संप्रेरकांचे ग्राहक आहेत का, याच्या नोंदी) आणि हर-टू अशा नोंदी असतील. हर-टूपुढे ०, १+, २+ किंवा ३+ असं लिहिलेलं असतं. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ असेल तर फिश नावाची आणखी एक तपासणी करून निकाल लावतात. पूर्वी १+ आलं की हर-टूवरच्या औषधांचा विषय तिथेच संपायचा. २०२२ मध्ये डेरुक्स्टेकॅनला पसरलेल्या आजारात ‘हर-टू लो’ गटासाठीही अमेरिकेत मंजुरी मिळाली. त्या गटात १+ येतं, आणि २+ असून फिश निगेटिव्ह असलेलंही येतं. तेव्हा हा कागद काढा आणि ती ओळ शोधा. एमआरआयच्या रिपोर्टवर घालवलेल्या रात्रींपेक्षा ती ओळ तुम्हाला जास्त सांगेल.

डॉक्टर ‘पुढे गरज पडली तर’ म्हणाले, यालाही अर्थ आहे. हर-टू पॉझिटिव्ह आजारात बऱ्याचदा आधी किमो आणि हर-टूवरची औषधं देतात, मग शस्त्रक्रिया करतात. काढलेल्या भागात जिवंत कॅन्सर उरलेला दिसला, तर पुढचा उपचार म्हणून एम्टान्सिन देण्याची पद्धत आहे. २०१९ मध्ये त्या वापरालाही अमेरिकेत मंजुरी मिळाली. दुसरी गरज म्हणजे आजार शरीरात पसरलेला असणं किंवा उपचारांनंतर परत उलटणं. या दोन गरजांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डॉक्टरांच्या मनात कोणती होती, हे मला इथे बसून सांगता येणार नाही आणि तुम्हीही अंदाज बांधू नये. हा प्रश्न विचारायचाच आहे.

आणि औषधाचं पूर्ण नाव लिहून मागा. ‘ट्रास्टुझुमॅब’ एवढ्यावर थांबू नका. नुसतं ट्रास्टुझुमॅब हे १९९८ पासून वापरात असलेलं, पेलोड नसलेलं औषध आहे. त्याच नावापुढे एम्टान्सिन लागलं की औषध वेगळं, डेरुक्स्टेकॅन लागलं की आणखी वेगळं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये दर तीन आठवड्यांनी दिलं जाणारं एम्टान्सिन वजनाच्या किलोमागे ३.६ मिलिग्रॅम असतं, डेरुक्स्टेकॅन ५.४, आणि नुसतं ट्रास्टुझुमॅब पहिल्या मोठ्या डोसनंतर ६. एकाच्या जागी दुसरं गेलं तर काय होईल, याची धास्ती खुद्द नियामकांनाही होती. म्हणूनच अमेरिकेत एम्टान्सिनच्या अधिकृत नावाला पुढे ‘अ‍ॅडो’ हा उपसर्ग जोडला गेला. पूर्ण नाव विचारणारा नातेवाईक म्हणजे अडाणी माणूस नव्हे, हे यावरून पटावं.

दुष्परिणाम प्रत्येकाचे वेगळे. एम्टान्सिनमध्ये प्लेटलेट आणि यकृताकडे लक्ष ठेवतात. सॅसिटुझुमॅबमध्ये पांढऱ्या पेशी घसरतात आणि जुलाब त्रास देतात. डेरुक्स्टेकॅनमध्ये काही रुग्णांच्या फुप्फुसांना सूज येते आणि ती जिवावर बेतू शकते. त्यामुळे ते औषध सुरू असताना नवा खोकला, दम किंवा ताप आला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी कळवायचं असतं. मामेभावाला फुप्फुसांची काळजी करायचीच असेल, तर ती खरी जागा इथे आहे, आणि तीही हे औषध सुरू झालं तरच.

तुमच्या लाजेबद्दल आता. तुम्हाला वाटतं की हा गोंधळ तुमच्या अज्ञानातून झाला. मला तसं वाटत नाही. दोन वेगळ्या विभागांनी एकच लघुरूप दोन अर्थांनी वापरलं आणि त्या दोघांच्या मध्ये तुम्ही उभे होतात. रेडिओलॉजिस्टच्या खोलीत एडीसीचा एकच अर्थ असतो, कॅन्सरतज्ज्ञाच्या खोलीतही एकच. दोन्ही खोल्यांतून फिरतो तो रुग्ण आणि त्याच्यासोबतचा माणूस. त्याच इमारतीत आणखीही एडीसी असू शकतात. परिचारिका ज्यातून औषधं काढतात त्या संगणकीकृत कपाटालाही इंग्रजीत एडीसी म्हणतात. एचआयव्हीशी संबंधित स्मृतिभ्रंशालाही जुन्या लिखाणात हेच नाव होतं. लघुरूपांनी डॉक्टर आणि परिचारिकांचाही घोटाळा होतो. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ मध्ये रुग्णालयांना काही लघुरूपं वापरायला बंदी घातली. त्यात ‘एमएस’ होतं, कारण त्याचा अर्थ मॉर्फिन सल्फेटही होतो आणि मॅग्नेशियम सल्फेटही. जिथे शिकलेल्या माणसांना असे नियम घालून द्यावे लागतात, तिथे तुम्ही एक प्रश्न जास्त विचारलात म्हणून कुणी तुम्हाला हसणार नाही. आणि हसलंच कुणी, तर तो त्यांचा दोष.

डॉक्टरांना वेळ कमी असतो हे खरं. म्हणून ‘मला एडीसी कळलं नाही’ असं मोघम विचारू नका, कारण त्यावर दहा मिनिटांचं व्याख्यान तरी मिळेल नाहीतर ‘काळजी करू नका’ एवढंच. त्यापेक्षा कागदावर लिहून न्या आणि असं म्हणा: “मागच्या वेळी तुम्ही एडीसीचा पर्याय म्हणालात, ते अँटिबॉडी-ड्रग कॉन्जुगेट ना? कोणतं औषध तुमच्या डोक्यात होतं, त्याचं पूर्ण नाव इथे लिहून द्याल का? आईच्या बायोप्सीतल्या कुठल्या नोंदीमुळे ते चालेल असं वाटतं? आणि ‘गरज पडली तर’ म्हणजे नेमकं काय झालं तर?” एवढं पुरे. एमआरआयमधल्या एडीसीबद्दल विचारायचंच असेल तर एकच प्रश्न: उपचार सुरू झाल्यावर पुन्हा एमआरआय करून हा आकडा बघणार आहात का?

हा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम सुचवतोय. औषध लागू पडून गाठीतल्या पेशी मरू लागल्या की दाटी कमी होते, पाणी मोकळं होतं आणि गाठीचं एडीसी वाढताना दिसू शकतं. कधी कधी गाठ लहान दिसू लागण्याआधीच. त्यामुळे पुढेमागे आईला ते औषध द्यायची वेळ आलीच, तर ‘एडीसी दिल्यावर एडीसी वाढलं’ हे वाक्य तिच्या फाइलमध्ये खरोखरच लिहिलं जाऊ शकतं. तुम्ही मावशीला जे सांगितलंत तेच अक्षर न् अक्षर, फक्त अर्थ पूर्ण निराळा. तेव्हा कुणी घरात ‘बघा, मी म्हणालोच होतो’ असं म्हणू नये, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

इंटरनेटवर शोधायचं झालं तर पूर्ण नावाने शोधा. नुसती तीन अक्षरं टाकलीत तर साउंड कार्डपासून मेंदूपर्यंत सगळं एकत्र समोर येईल. तरीही एखादं पान हाती लागलं आणि एडीसी कुठलं ते कळेना, तर आजूबाजूचे शब्द बघा. बी-व्हॅल्यू, डिफ्यूजन, नकाशा असं काही असेल तर ते मोजमाप. पेलोड, लिंकर, डोस असेल तर औषध. स्क्वेमसशी तुलना चालली असेल तर फुप्फुसातला तो प्रकार. बिट डेप्थ आणि सॅम्पल रेट दिसले, तर पान बंद करून कामाला लागा.

राहिली आई. माझ्या मते या पत्रातलं सगळ्यात तातडीचं काम हेच आहे, आणि ते डॉक्टरांच्या भेटीपर्यंत थांबवू नका. तिला सध्या असं वाटतंय की तिच्या अंगात काहीतरी कमी आहे. माणूस यातून पुढे फार लवकर ‘म्हणजे मीच काहीतरी कमी खाल्लं, माझीच हेळसांड झाली’ इथे पोचतो. हे तिच्या डोक्यात मुरू देऊ नका. विषय फिरवून, हळूच निसटून जाईल अशा तऱ्हेने सांगू नका. तिला समोर बसवून सरळ सांगा की मी दोन वेगळ्या गोष्टी एक समजलो होतो, तुझ्यात काही कमी नाही, तो शब्द चित्रातल्या गाठीबद्दल होता आणि डॉक्टर बोलले ते एका औषधाबद्दल. डेसिबल तिला सांगू नका. मावशीलाही त्याच दिवशी फोन करा, नाहीतर दोन दिवसांनी ती एडीसी वाढवणाऱ्या काढ्याची कृती घेऊन दारात उभी राहील.

ती ‘मग खायचं काय?’ विचारेल, तेव्हा एडीसीसाठी काही खायचं नसतं एवढं स्पष्ट सांगा. उपचारांच्या काळात तिने काय खावं, तिला आधीपासून दुसरा काही आजार असेल तर काय टाळावं, हे रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञांना विचारायचं. घरगुती काढे, चूर्णं आणि जास्तीच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करू नका. कॅन्सरच्या काही औषधांशी त्यांचं जमत नाही, आणि यकृताच्या तपासण्या बिघडल्या तर त्या कशामुळे बिघडल्या हे शोधताना डॉक्टरांचा वेळ जातो. काही आधीच सुरू झालं असेल, तर डॉक्टरांकडे न्यायच्या त्या कागदावर तेही लिहा.